एप्रिलच्या उकाड्यात सिएम रीप: घड्याळ ख्मेर लोकांचं लावा

प्रश्न असा आहे: मुलीची परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. त्यानंतर आई-वडील (वय 64 आणि 68), नवरा-बायको आणि दहा वर्षांची मुलगी असे पाच जण सहा दिवसांसाठी कंबोडियात, सिएम रीपला जायचं म्हणतात. घर पूर्ण शाकाहारी. तिथे एप्रिल सर्वांत तापलेला महिना असतो असं कळलं आहे. जावं की पुढे ढकलावं? आणि देवळांपुढे फोटो काढून परत येण्यापलीकडे तिथलं जगणं कसं बघता येईल?

जा. मात्र सकाळी नऊला नाश्ता, दहाला गाडी आणि दिवसभर 'साइटसीइंग' हा आपला नेहमीचा साचा इथेच ठेवून जा. एप्रिलमध्ये सिएम रीपला ज्यांचे हाल होतात, त्यांतल्या बहुतेकांचे ह्या साच्यामुळे होतात. तिथली माणसं, म्हणजे ख्मेर लोक, पहाटे कामाला लागतात, अकराच्या आत सावलीत येतात आणि चार वाजता पुन्हा बाहेर पडतात. तुम्ही तेच घड्याळ लावलंत तर तब्येत सांभाळली जाईलच, शिवाय बाजार, विहार आणि गावंही जिवंत असतानाच दिसतील.

आधी उष्णता समजून घ्या, कारण ती विदर्भ-मराठवाड्यातली नाही. दुपारचं तापमान साधारण 36 ते 38 अंश असतं, एखाद्या दिवशी 40. नागपूरकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण नागपूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो आणि अंग गार होतं. सिएम रीपच्या दमट हवेत तो उडत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. रत्नागिरीतली मे महिन्याची दुपार आठवा आणि तीत चार अंश मिळवा. त्यातून अंगकोर, म्हणजे सिएम रीपजवळचा जुन्या देवळांचा परिसर, साधारण 13.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे 26 एप्रिलच्या आसपास तिथे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या आठवड्यात भर दुपारी उंच शिखराचीही सावली पडत नाही. 'देवळाच्या आडोशाला थांबू' हा हिशेब अकरा ते दोन चालत नाही. खरी सावली छताखाली किंवा दाट झाडीतच मिळते.

शरीराला अशा हवेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तुमच्याकडे सहाच दिवस आहेत, म्हणून सवयीचा पहिला भाग घरीच उरका. निघण्याआधी दहा दिवस रोज 30 ते 40 मिनिटं सकाळी उशिराच्या उन्हात चाला आणि रात्री एसी कमी वापरा. आई-वडिलांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उष्ण देशातल्या आठवड्यात त्यांचं प्रमाण काय ठेवायचं हे डॉक्टरांना आधी विचारा, मनाने बंद करू नका. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या घाम कमी करतात, त्याबद्दलही विचारा. कंबोडियाची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिथे पहाटे साडेचारला उठायचं तर शरीराच्या लेखी तीन वाजलेले असतात. म्हणून पहिल्या दिवशी सूर्योदयाचा बेत करू नका, तो तिसऱ्या दिवशी ठेवा.

तारखा ठरवताना एक मोठी गोष्ट आड येते, किंवा उत्तम जुळून येते. 13-14 ते 16 एप्रिल हे ख्मेर नववर्ष. सूर्य मेष राशीत जातो तोच हा मुहूर्त, आणि पहिल्या दिवसाचं नावच 'महा संक्रान' आहे. आपल्या मेष संक्रांतीचा तिथे वर्षातला सर्वांत मोठा सण होतो. लोक विहारात वाळूचे स्तूप रचतात, तिसऱ्या दिवशी बुद्धमूर्तींना सुगंधी पाण्याने स्नान घालतात आणि घरी आजी-आजोबांनाही तसंच पाणी घालून त्यांचा आशीर्वाद घेतात. गावागावांत 'चोल छूंग' हा खेळ चालतो: करकचून गाठ मारलेलं कापड मुलगे-मुलींचे दोन संघ गाणं म्हणत एकमेकांकडे फेकतात. सिएम रीपच्या रस्त्यांवर पाणी उडवणं आणि तोंडाला पावडर फासणं जोरात असतं. हे बघायचं असेल तर 13 तारखेला पोचलेलं असा. पण तेव्हा अनेक छोटी दुकानं आणि खानावळी बंद असतात, चालक गावी गेलेले असतात, खोल्या आणि गाड्या महागतात आणि अंगकोरला स्थानिक कुटुंबांची तोबा गर्दी असते. आई-वडील बरोबर असताना शांतपणा हवा असेल तर 19 तारखेनंतर जा. दोन्हींत काही चूक नाही, पण 15 तारखेला पोचून दोन्हींची अपेक्षा ठेवली तर हिरमोड होईल.

आता तिकीट. अंगकोरचा पास 2017 पासून एका दिवसाला 37, तीन दिवसांना 62 आणि सात दिवसांना 72 अमेरिकी डॉलर आहे. तुम्ही तीन दिवसांचाच घ्या. हे तीन दिवस सलग वापरावे लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही चालतात, म्हणून मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवता येतो. उष्णतेत ह्या सवलतीची किंमत फार आहे. 12 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वय दाखवायला मुलीचा पासपोर्ट रोज बरोबर ठेवा. पास अधिकृत कार्यालयातून किंवा त्यांच्याच संकेतस्थळावरूनच घ्या. त्यावर तुमचा फोटो असतो, त्यामुळे दुसऱ्याचा वापरलेला पास विकत घेऊन काही उपयोग नाही. संध्याकाळी पाचनंतर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजतात, म्हणून तो आदल्या संध्याकाळीच काढून ठेवा. पहाटेची रांग वाचते. प्रत्येक पासातले 2 डॉलर कंथा बोफा ह्या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात.

अंगकोर वाटसाठी अख्खी सकाळ द्या आणि मार्ग नीट ठरवा, कारण बहुतेकांची दमछाक चुकीच्या मार्गामुळे होते. हे देऊळ राजा दुसरा सूर्यवर्मन ह्याने 12 व्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलं आणि त्याचं तोंड पश्चिमेला आहे. पश्चिमेकडून येताना सुमारे 190 मीटर रुंदीचा खंदक आणि त्यानंतर आत साडेतीनशे मीटरचा दगडी रस्ता लागतो. दोन्हींवर सावलीचा पत्ता नाही. पहाटे ह्या रस्त्याने आत जाणं सुंदर असतं, पण साडेनऊला त्याच रस्त्याने परत येणं म्हणजे तव्यावरून चालणं. म्हणून पश्चिमेने आत जा, पूर्वेने बाहेर पडा. चालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी पूर्वेच्या दाराशी आणून उभी कर. तो रस्ता मातीचा आहे, दोन्ही बाजूंना झाडी आहे आणि माणसंही कमी असतात.

सूर्योदय एप्रिलच्या उत्तरार्धात पावणेसहाच्या सुमारास होतो. उत्तरेकडच्या तळ्याशी फोटोसाठी झुंबड असते. तिथे अर्धा तास उभं राहण्यात आई-वडिलांची ताकद खर्च करू नका, वाचनालय म्हणतात त्या छोट्या इमारतीच्या पायरीवर त्यांना बसवा. उजाडल्यावर गर्दी चहा-नाश्त्याला पांगते, तेव्हा आत शिरून उजवीकडे वळा. पहिल्या सज्जाच्या भिंतीवर कुरुक्षेत्र कोरलेलं आहे. शरपंजरी भीष्म शोधायला मुलीला सांगा. सकाळी ही पश्चिम बाजू सावलीत असते. पुढे दक्षिणेच्या भिंतीवर सूर्यवर्मनाची मिरवणूक, मग यम, चित्रगुप्त आणि 37 स्वर्ग नि 32 नरक. कोपरा वळलं की पूर्वेला सुमारे 49 मीटर लांबीचं समुद्रमंथन: एकीकडे 92 असुर, दुसरीकडे 88 देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म. ह्या पूर्व भिंतीवर सकाळचं तिरपं ऊन येतं आणि उठाव स्पष्ट दिसतो. हा सगळा क्रम देवळाला डावीकडे ठेवून चालायचा आहे, म्हणजे आपल्या भाषेत अपसव्य. भिंतीवरच्या कथा ह्याच दिशेने उलगडतात, आणि हे देऊळ राजाचं मृत्युस्मारकही असावं असं अनेक अभ्यासक मानतात त्याचं हेही एक कारण आहे. सवयीने प्रदक्षिणा घातलीत तर कथा उलट्या क्रमाने येतील.

सर्वांत वरचा मजला, बाकान, ह्याचा जिना खडा आहे. तिथे 12 वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, म्हणून तुमच्यापैकी एकाने मुलीबरोबर खाली थांबायचं आणि मग अदलाबदल करायची. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी टाकून भागत नाही, बाह्या असलेलाच कपडा लागतो. ख्मेर उपोसथाच्या, म्हणजे बौद्ध व्रताच्या, दिवशी बाकान बंद असतो. हे दिवस म्हणजे पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्या. घरच्या दिनदर्शिकेत बघून तारीख निवडा. दोन पंचांगांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून एक दिवस आगेमागे धरा.

बाकीची देवळं उन्हाच्या हिशेबाने लावा. बायोनच्या बाहेरच्या सज्जांवर छप्पर उरलेलं नाही, त्यामुळे ते साडेसातला, उघडताच. तिथल्या भिंती वगळू नका: कोंबड्यांची झुंज, बाजारात तागडी धरलेल्या बायका, बाळंतपण, तोन्ले साप तळ्यावरची चाम लोकांशी झालेली लढाई. आठशे वर्षांपूर्वीचा कंबोडिया इथे जेवताना-खाताना दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात गेलात की त्याच टोपल्या हातात दिसतात. ता प्रोम झाडीत आहे, ते नऊनंतरही सुसह्य असतं. त्याची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग करत आला आहे. अंगकोर वाटलाही ह्या विभागाने 1986 ते 1993 काम केलं. बांतेय स्रेय शहरापासून सुमारे 35 किलोमीटरवर आहे. 967 साली प्रतिष्ठापना झालेलं हे शिवाचं देऊळ गुलाबी वालुकाश्माचं आहे आणि त्याचं कोरीवकाम अंगकोरमध्ये सर्वांत नाजूक. कैलास हलवणारा रावण इथे आहे. वेरूळचा तोच प्रसंग पाहिलेल्या माणसाने दोन्ही मनात शेजारी ठेवून बघावं. वेरूळला रावणाची ताकद भिंतीतून अंगावर येते, इथे घाबरलेले ऋषी, प्राणी आणि शंकराला बिलगलेली पार्वती ह्यांच्याकडे नजर जाते. सावली जवळजवळ नाही, म्हणून साडेसहाला निघा आणि नऊच्या आत बाहेर पडा.

क्बाल स्पियनची सहस्रलिंगांची नदी आणि फ्नोम कुलेनचा धबधबा एप्रिलमध्ये पाण्याअभावी निम्म्याने उतरतात. तरंगत्या गावांच्या सहलीही ह्या महिन्यात टाळा. तोन्ले सापचं पाणी तळाला गेलेलं असतं, होड्या चिखलात रुततात आणि खांबांवरची घरं डोक्यावर दोन मजले उंच उभी दिसतात. बघण्यासारखं आहे, पण त्यासाठी उन्हातले चार तास खर्च करावेत असं नाही.

म्हणजे दिवस असा: साडेपाच ते साडेदहा बाहेर, अकराला जेवण, मग खोलीत झोप, चार ते साडेसहा पुन्हा बाहेर. दुपारची झोप हा आळस समजू नका. सकाळी तापलेलं शरीर तीन-चार तास थंड राहिलं तरच दुसऱ्या दिवशी ते साथ देतं. उष्माघात पुष्कळदा पहिल्या दिवशी येत नाही, दोन-तीन दिवसांची थकवण साचून येतो. एप्रिलअखेर दुपारी वळीवही येतो. गडगडाट ऐकू आला की देवळाच्या उंच भागावरून आणि एकट्या झाडाखालून लगेच निघा, आणि ओल्या वालुकाश्माच्या झिजलेल्या पायऱ्यांवर अजिबात घाई करू नका.

पाणी: चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोटाघोटाने, दर पंधरा-वीस मिनिटांनी. नुसतं पाणी ढोसू नका. तासाला दीड लिटरच्या वर गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकेदुखी, मळमळ सुरू होते. ती तहानेची समजून माणूस अजून पाणी पितो आणि प्रकरण बिघडतं. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. मोठं पाकीट पूर्ण 1 लिटरमध्ये, छोटं 200 मिलिलिटरमध्ये. 'चव कडक लागते' म्हणून जास्त पाण्यात किंवा अर्ध्या बाटलीत घालू नका. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. रस्त्यावर उसाचा रस मिळतो, त्याला 'तुक अंपौ' म्हणतात. शहाळंही सगळीकडे. मध्ये भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यात पिण्याच्या पाण्याचा करतात, तो बहुधा चालतो. लादीवरून फोडलेला बर्फ टाळा.

ओळखायची लक्षणं दोन पातळ्यांची. घाम खूप, त्वचा चिकट, चक्कर, पोटऱ्यांत गोळे, मळमळ: ही थकवण. सावलीत आडवं करा, पाय उंच, कपडे सैल, ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर डॉक्टर. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, लडखडला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. घाम चालू असला तरीही. तेव्हा गाडीची वाट बघत बसू नका; आहे ते सगळं पाणी अंगावर ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा आणि हे करत करतच रुग्णालयात न्या. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. गंभीर आजारात अनेकदा बँकॉकला हलवावं लागतं, म्हणून प्रवासविम्यात रुग्णाला विमानाने दुसऱ्या देशात नेण्याचा खर्च आहे ना, हे आधी वाचून घ्या.

कपड्यांत ख्मेर लोकांचीच युक्ती उचला. 'क्रमा' हा चौकटीचा सुती पंचा तिथे शेतकऱ्यापासून आजीपर्यंत सगळ्यांकडे असतो. डोक्याला बांधतात, घाम पुसतात, नेसून आंघोळ करतात, बाळाची झोळी करतात, बाजारहाट बांधून आणतात. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक घ्या. अंगाला घासून बघा: सुती मऊ असतो आणि पाणी लगेच शोषतो, कृत्रिम धाग्याच्या स्वस्त क्रम्यावर पाण्याचा थेंब थोडा वेळ टिकून राहतो. ओला करून मानेभोवती ठेवला की गाडीच्या वाऱ्यात बराच गारवा मिळतो.

गाडी म्हणजे मोटरसायकलला जोडलेला चार बैठकींचा 'रेमॉर्क'. चालताना छान वारा लागतो. तुम्ही पाच जण आहात, तेव्हा दोन रेमॉर्क किंवा एक मोठी एसी गाडी. आई-वडिलांसाठी बांतेय स्रेयच्या दिवशी एसी गाडी घ्या, पण आतलं तापमान 26 अंशांखाली नेऊ नका. अठरा अंशांतून बाहेर 37 मध्ये दिवसातून आठ वेळा उतरणं वयस्कर माणसाला त्रासाचं होऊ शकतं.

शाकाहाराचं आता. इथे 'मांस नको' एवढं सांगून चालत नाही. 'साच' म्हणजे मांस, आणि ते नको म्हटलं तरी मासळीचं पाणी 'तुक त्रेय' आणि आंबवलेल्या माशांचा 'प्राहोक' हे मसाल्यातच धरले जातात, जसं आपल्याकडे फोडणीला कोणी वेगळा पदार्थ मानत नाही. स्वयंपाकी फसवत नसतो, त्याच्या लेखी ते मीठ आहे. म्हणून नेमका शब्द वापरा: 'म्होप बुओस', म्हणजे व्रतस्थ माणसाचं जेवण. हा शब्द बौद्ध परंपरेतला असल्याने लगेच कळतो आणि मानानेही घेतला जातो. त्याला जोडून 'सोम कोम दाक तुक त्रेय' (कृपा करून मासळीचं पाणी घालू नका), 'कोम दाक प्राहोक', 'कोम दाक पोंग मोअन' (अंडं घालू नका). शेवटचं वाक्य फळांच्या गाड्यांवरही लागतं, कारण 'तुक क्रोलोक' ह्या घुसळलेल्या फळांच्या पेयात अंडं फोडायची पद्धत आहे. हॉटेलातल्या कोणाकडून ही वाक्यं ख्मेर लिपीत कागदावर लिहून घ्या.

बेधडक खाण्यासारखं पुष्कळ आहे. बांबूच्या नळीत चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि काळे दाणे घालून निखाऱ्यावर भाजलेला 'क्रालान'. केळीच्या पानात बांधून उकडलेला 'नोम आन्सोम चेक', म्हणजे केळं घातलेला भात. मात्र 'चेक' हा शब्द ऐकूनच घ्या, कारण तशाच दिसणाऱ्या 'आन्सोम ज्रूक'मध्ये डुकराचं मांस असतं. तिखट-मिठाबरोबर कैरी तर एप्रिलमध्ये पावलोपावली. बांतेय स्रेयच्या वाटेवर प्रिआ दाक गावात ताडाचा रस मोठ्या कढईत आटवून गूळ करतात. उन्हाळा हा त्याचा हंगाम, सकाळी गेलात तर कढई उकळताना दिसते. उसाचं गुऱ्हाळ पाहिलेल्या आजोबांना तिथून हलवणं कठीण जाईल, तो अर्धा तास धरूनच चाला. शिकायचं असेल तर पाककृतीचा वर्ग घ्या आणि आधीच सांगून मशरूम-टोफूचा 'आमोक', म्हणजे नारळाच्या दुधातला वाफवलेला रस्सा, करा. त्यातलं 'क्रोअंग' हे वाटण, म्हणजे गवती चहा, हळद, गलांगल (आल्यासारखं मूळ), लसूण, छोटे कांदे आणि मकरुत लिंबाची पानं, हाताने कुटताना ख्मेर स्वयंपाकाचं मूळ कळतं. घरी परतल्यावर गलांगल न मिळाल्यास आलं घालून तीच चव येत नाही. सुकवलेले काप तिथूनच आणा.

माणसांशी बोलणं आपल्याला वाटतं तेवढं अवघड नाही. नगर, विहार, आहार, भाषा, गुरू हे शब्द ख्मेरमध्ये नोकोर, विहिअर, आहा, फिआसा, क्रू असे बदललेल्या उच्चाराने आहेत, आणि 'अंगकोर' हे नाव नगरचंच. तिथेही कोणाला नावाने हाक मारत नाहीत, नात्याने मारतात: आपल्यापेक्षा थोडा मोठा तो किंवा ती 'बोंग', काकाच्या वयाचा 'पू', मावशीच्या वयाची 'मिंग', आई-वडिलांहून मोठे 'ओम', आजोबा 'ता', आजी 'येय'. चालकाला 'बोंग' म्हणून बघा, त्याचा चेहरा बदलतो. आकडे पाचाने मोजतात: मुय, पी, बेय, बुओन, प्राम, आणि सहा म्हणजे 'प्राम-मुय', पाच-एक. मुलीला हे दहा मिनिटांत येईल आणि बाजारात भाव विचारायचं काम तिलाच द्या.

नमस्काराला 'सोम्पेआ' म्हणतात आणि त्याच्या उंचीला अर्थ आहे. बरोबरीच्याला जोडलेले हात छातीशी, मोठ्याला तोंडाशी, आई-वडील, आजी-आजोबा आणि गुरूंना नाकाशी, भिक्खू आणि राजाला भुवयांशी, देवाला कपाळाशी. लहान मुलाने आधी केला तर मान लववून उत्तर द्या. डोक्यावरून प्रेमाने हात फिरवणं, जे आपल्याकडे आशीर्वादासारखं आहे, ते तिथे अनोळखी मुलाला करू नका. बाईने भिक्खूच्या हातात वस्तू थेट द्यायची नाही, समोर ठेवायची. विहारात पादत्राणं आणि टोपी काढून, पाय एका बाजूला वळवून बसायचं, तळवे मूर्तीकडे येऊ द्यायचे नाहीत. फरशी नऊनंतर पोळते, म्हणून विहार सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच. सिएम रीपमधल्या वाट बो विहाराच्या भिंतींवर ख्मेर रामायणाची, म्हणजे 'रिआमकेर'ची, जुनी चित्रं आहेत. पर्यटक तिथे कमी जातात आणि मारुती पाहून मुलीला पुढची कथा आपोआप सांगता येते.

सहा दिवसांत एकच संध्याकाळ मोकळी मिळाली तर ती राजवाड्याच्या बागेसमोरच्या प्रिआ आंग चेक-प्रिआ आंग चोम ह्या देवस्थानाला द्या. लोक कामावरून परतताना थांबतात, कमळाच्या कळ्यांच्या पाकळ्या मुडपून वाहतात, उदबत्ती लावतात, कधी पिनपिअत वाद्यवृंद वाजत असतो. कळ्या विकणाऱ्या मिंगला पाकळी कशी मुडपायची ते विचारा, ती शिकवते. रोजचा बाजार बघायचा तर फ्सार ल्यूला सकाळी साडेसहाला जा. मासळी-मांसाचा भाग मोठा आहे, आजी-आजोबांना तो सोसणार नसेल तर भाजीच्या बाजूने शिरा.

वयस्कर ख्मेर माणसाला 1975 ते 1979 ह्या ख्मेर रूज राजवटीच्या, म्हणजे हत्याकांडाच्या काळाबद्दल आपणहून विचारू नका. पन्नाशीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येकाने त्यात घरातलं कोणीतरी गमावलं आहे. तो बोलू लागला तर ऐका. अनाथाश्रमाच्या भेटी आणि 'शाळेसाठी तांदळाचं पोतं घ्या' ह्या विनंत्या नम्रपणे नाकारा. अशा भेटींच्या पैशासाठी आई-वडील असलेली मुलंही आश्रमांत ठेवली जातात, आणि रस्त्यावर पोस्टकार्ड विकणाऱ्या मुलाकडून खरेदी केली की त्याची शाळा अजून लांबते. मदत करायची तर त्याच्या गावातल्या मोठ्या माणसाने विणलेली टोपली विकत घ्या. देवळांतल्या माकडांना खाऊ देऊ नका. चावा किंवा ओरखडा आला तर साबण लावून वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

कागदपत्रं थोडक्यात. ई-व्हिसा फक्त कंबोडिया सरकारच्या संकेतस्थळावरून काढा. नक्कल करणारी, दुप्पट पैसे घेणारी संकेतस्थळं शोधात आधी येतात. विमानाने जाणाऱ्यांना ई-अरायव्हलचा अर्जही पोचण्याआधीच्या सात दिवसांत भरावा लागतो, तो मोफत आहे. नवा विमानतळ, ऑक्टोबर 2023 पासूनचा, शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, 1 डॉलरला सुमारे 4000 रिएल. किंचित फाटलेली डॉलरची नोटही घेत नाहीत, म्हणून कोऱ्या आणि 1, 5, 10 च्या नोटा न्या. थायलंडशी 2025 मध्ये सीमेवर लढाई झाली, तेव्हा बँकॉकहून रस्त्याने जाण्याचा किंवा सीमेवरच्या प्रिआ विहिअर देवळाचा बेत करू नका, आणि निघण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. दूरच्या देवळांत मळलेली वाट सोडून झाडीत शिरू नका. ग्रामीण भागात अजून भूसुरुंग निघतात.

डेंग्यूचे डास दिवसा चावतात. उघड्या त्वचेला आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर डासांचं मलम. परतल्यावर दोन आठवड्यांत कोणाला ताप आला तर डॉक्टरांना 'कंबोडियाहून आलो' हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि रक्ततपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन न देता फक्त पॅरासिटामॉल द्या. आई-वडिलांपैकी कोणाला हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल, तर ती तापात चालू ठेवायची का, हे त्याच भेटीत विचारून घ्या.